शेवटचा चढ वेशीचा : सिएना ते मोंतेपुल्चानो, सायकलवरून

इटलीतल्या सिएनाच्या दक्षिणेला गाव शोधायचं तर मान वर करावी लागते. टस्कनीच्या या भागात सखल जमीन शेतांना दिलेली आणि टेकडीचा माथा माणसांना. खाली दलदल आणि मलेरिया होता, शेजारच्या गणराज्यांची सैन्यंही तिथूनच येत. वर वारा होता आणि चारी बाजूंना नजर ठेवता येत होती. मध्ययुगात घेतलेल्या या निर्णयाचा भार आज सायकलवाल्याच्या मांड्यांवर येतो. सकाळी गाव सोडलं की उतार लागतो. पाय ताजे असतात तेव्हा श्रम नाहीत. मुक्कामाचं गाव मात्र दुपारी, तीस-चाळीस किलोमीटर झाल्यावर दिसायला लागतं, आणि ते दिसतं डोक्यावर. म्हणून इथल्या सायकल सहलीच्या दिवसाचं गणित आम्ही गाइड मंडळी वेशीपासून उलटं मांडतो. आधी संध्याकाळचा चढ किती मीटरचा, त्याला वेळ किती, पाणी किती हे ठरवायचं आणि मग मागे येत येत सकाळी निघायची वेळ काढायची. हे ज्याला जमलं त्याला सहल सोपी जाते, आणि गाइडचं निम्मं कामही हेच असतं.

मार्ग असा: सिएना, आशानो, बुओनकोंवेंतो, मोंताल्चीनो, सान क्वीरिको दोर्चा, पिएन्झा आणि मोंतेपुल्चानो. सायकलिंगचे दिवस सहा, अंतर साधारण दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पूर्ण करणाऱ्यांना सहा दिवस फार वाटतील. पण इथे रोज सहाशे ते नऊशे मीटर चढाई आहे, रस्त्याचा मोठा भाग डांबरी नाही, आणि वाटेतल्या मठात, चर्चमध्ये, चौकात थांबायचं नसेल तर या रस्त्यावर यायचं कारणच उरत नाही. तयारीसाठी पुण्याकडच्या मंडळींना सिंहगड आणि बोपदेव घाट पुरेसे आहेत. फक्त एकदाच चढून भागत नाही. शनिवार-रविवार लागोपाठ चढायचं आणि शेवटचे दोन महिने हे चुकवायचं नाही. पहिल्या दिवशी कुणीच थकत नाही. थकवा तिसऱ्या सकाळी येतो.

ऋतू दोनच. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत गहू हिरवा असतो आणि बांधावर लाल पॉपी फुललेली असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेतं नांगरलेली, राखाडी, आणि द्राक्षांची काढणी चालू. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तीसवर जातो आणि या टेकड्यांवर झाड नाही. २ जुलै आणि १६ ऑगस्टला सिएनात पालिओची घोड्यांची शर्यत असते, तेव्हा खोली मिळणं कठीण. शरदात शिकारीचा हंगाम सुरू होतो, सकाळी बंदुकांचे आवाज येतात. त्या दिवसांत भडक रंगाची जर्सी घालावी आणि झाडीत आडवाटेला शिरू नये.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. विम्याची कलमं वाचताना सायकलिंग ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलंय का ते पाहावं, कारण काही पॉलिसींत तसं असतं आणि ते मनगट मोडल्यावर कळतं. हॉटेलं पासपोर्ट मागतात आणि गावाचा मुक्काम कर वेगळा घेतात. तो बहुधा सहलीच्या पैशात धरलेला नसतो.

आता सायकल. इथून घेऊन जायची की तिथे भाड्याने घ्यायची, यावर आमचं मत स्पष्ट आहे: भाड्याने घ्या. खोक्यात घातलेल्या सायकलचा मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअरची यंत्रणा ज्याला लटकते तो धातूचा लहान तुकडा, विमानात वाकतो. तो वाकलाय हे सपाटीवर कळत नाही. पहिल्या मोठ्या चढावर सर्वांत हलका गिअर टाकला की गिअरची यंत्रणा आत ओढली जाते आणि चाकाच्या तारांत अडकते. बॅटरीची सायकल तर नेताच येत नाही, कारण चारशे-पाचशे वॉट-तासांची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. मात्र तीन गोष्टी घरून न्याव्यात: आपली सीट, आपली पेडलं आणि आपले बूट. बाकी सायकल कुणाचीही चालते, या तीन गोष्टी दुसऱ्याच्या चालत नाहीत. शिवाय घरच्या सायकलवर पेडलच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. तिथे पहिल्या संध्याकाळी तेवढीच उंची लावली की गुडघ्याची निम्मी दुखणी टळतात.

नोंदणी करताना तीन प्रश्न विचारावेत: टायर किती रुंद, सर्वांत हलका गिअर कोणता, ब्रेक डिस्क आहेत का. टायर ३५ ते ४० मिलिमीटर हवेत. पुढच्या लहान चकतीला ३० दात आणि मागच्या मोठ्या चकतीला ३४ असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.९ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग येतो ताशी पावणेसात किलोमीटर, आणि बारा टक्क्यांच्या चढावर सर्वसाधारण माणसाला याहून जास्त जमत नाही. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर त्याच चढावर फेऱ्या ५० च्या खाली जातात. मग जोर स्नायूंऐवजी गुडघ्यावर येतो. भाड्याच्या रेसिंग सायकली दिसायला देखण्या असतात, पण या रस्त्यांना त्या नकोत.

पहिली संध्याकाळ सायकली जुळवण्यात जाते आणि ती घाईत उरकू नये. पेडल बसवताना लक्षात ठेवायचं: उजवं नेहमीसारखं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे घट्ट होतं, डावं उलट. त्यानंतर ब्रेक. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, मोटरसायकलसारखाच. इटलीत उजव्या हाताला मागचा आणि डाव्या हाताला पुढचा. घाबरल्यावर हात डोक्याला विचारत नाही. डावा हात सवयीने जोरात दाबला गेला तर पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून जातो. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत आम्हाला सर्वांत जास्त धास्ती याचीच असते. उपाय सोपा आहे. मोकळ्या जागेत वीस वेळा थांबून दाखवायचं, त्यातले शेवटचे पाच जोरात, सीट सोडून वजन मागे टाकून. वाहतूक उजवीकडून असते हे सरळ रस्त्यावर आपोआप जमतं; चूक होते ती कॉफीनंतर रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना आणि गोल चौकात. चौकात फिरायचं उलट्या काट्याने, आणि आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं.

गटात दहा ते चौदा जण, दोन गाइड आणि एक व्हॅन. एक गाइड सायकलवर पुढे, एक सर्वांच्या मागे व्हॅनमध्ये. दोघांची व्हॅनवर पाळी बदलते. सामान सकाळी साडेआठला हॉटेलच्या दारात ठेवायचं. गावाच्या जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी असते, कॅमेरे असतात, त्यामुळे व्हॅन वेशीपाशी थांबते आणि बॅग तिथवर आपणच ओढत न्यायची. दगडी फरसबंदीवर लहान चाकांची मोठी बॅग म्हणजे शिक्षा. प्रत्येक फाट्यावर पुढचा गाइड थांबतो किंवा एकाला उभं करतो, आणि मागचा गाइड येईपर्यंत त्याने जागा सोडायची नसते. ‘सरळच तर जायचं होतं’ असं म्हणून जो निघून जातो, त्याच्यामुळे मागचे चार जण चुकीच्या खोऱ्यात उतरतात, आणि इथे चुकून उतरणं म्हणजे पुन्हा दोनशे मीटर चढणं. गावाबाहेर एकामागे एक चालवायचं, हा तिथला कायदा आहे. काळोख पडल्यानंतर आणि बोगद्यात चमकणारं जाकीटही सक्तीचं.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट सायकलची नाही, तरी आम्ही ती सोडत नाही. सिएनाच्या पालाझ्झो पुब्लिकोमध्ये आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये भिंतीवर सुशासनाचे परिणाम रंगवले. चित्राच्या मधोमध वेस आहे. तिच्यातून सरदार ससाणे घेऊन शिकारीला उतरतायत आणि खालून शेतकरी गाढवांवर धान्य लादून, डुकराला हाकत वर चढतोय. वेशीबाहेर जो रस्ता टेकड्यांतून जाताना रंगवलाय तसाच रस्ता दुसऱ्या दिवशी आपल्या चाकाखाली असतो. दालन खुलं असेल तर आदल्या दिवशी तासभर काढाच. चढताना दमलेला तो शेतकरी नंतर सहा दिवस आठवत राहतो.

सिएनाच्या बाहेर पडताना सायकल हाताने ढकलत न्यायची. शहर तीन टेकड्यांवर वसलेलं, गल्ल्या तीव्र उताराच्या आणि फरशा गुळगुळीत. तावेर्ने दार्बियापर्यंत गाड्यांची वर्दळ आहे. ती संपवायला आम्ही आठच्या आत निघतो. तिथून जवळच मोंतापेर्तीची टेकडी आहे. ४ सप्टेंबर १२६० ला सिएनाने इथे फ्लोरेन्सचा पराभव केला. आता तिथे सुरूची झाडं आणि एक लहान दगडी पिरॅमिड आहे.

पुढे लाउरेताना रस्ता लागतो आणि क्रेते सेनेझी सुरू होतं. क्रेते म्हणजे चिकणमाती. कधीकाळी इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ उचलला जाऊन या टेकड्या झाल्या. पावसाने त्या कापल्या, कुठे घळी पडल्या, कुठे घुमटासारखे उंचवटे राहिले, त्यांच्यावर क्षाराचा पांढरा थर चढला. रस्ता धारेवरून जातो, म्हणून दोन्ही बाजूंचं दिसतं. पण धार सरळ नसते. तीस-चाळीस मीटर खाली, पुन्हा तेवढंच वर, असं आशानोपर्यंत चालतं. यातला कुठलाही चढ मोठा नाही. फसवतो तो बेरजेत. प्रत्येक उतारावरचा वेग पुढच्या चढात वापरायच्या मोहाने माणूस जड गिअरमध्ये राहतो, अर्ध्या चढावर वेग संपतो आणि मग ताणलेल्या साखळीवर तीन-चार गिअर एकदम टाकतो. साखळी उतरते, क्वचित तुटते. चढ सुरू होण्याच्या वीस मीटर आधी, पाय सैल असताना गिअर हलका करावा. अंतर जेमतेम तीस किलोमीटर, पण सावली नाही आणि पाण्याचा नळही नाही. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या भरूनच निघायचं आणि तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्यायचं. नळावर ‘आक्वा नोन पोताबिले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

या पट्ट्यात मेंढ्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सार्डिनियाचे धनगर इथे येऊन स्थिरावले; पिएन्झाच्या पेकोरीनो चीजमागे त्यांचे कष्ट मोठे आहेत. कळपाबरोबर मोठे पांढरे कुत्रे असतात, आणि ते आपल्या धनगरी कुत्र्यांइतकेच कर्तव्यदक्ष. ते अंगावर आले तर वेग वाढवू नये. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, कुत्र्याच्या डोळ्यांत न बघता सावकाश चालत कळपाची हद्द ओलांडायची. ‘हद्द संपली’ हे त्यालाच आधी कळतं.

दुसऱ्या दिवशी पांढरे रस्ते लागतात, स्त्रादे बियांके. आपल्या मुरमाच्या रस्त्याचा हा चुनखडीतला भाऊ: बारीक पांढरी खडी दाबून बसवलेली, वर धूळ. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे रस्ते भराभर डांबरी होऊ लागले. ते वाचावेत म्हणून १९९७ मध्ये जान्कार्लो ब्रोच्ची यांनी गायोले इन कियांती इथून जुन्या सायकलींची ‘लेरोईका’ सुरू केली. १९८७ पूर्वीच्या सायकलींवर, लोकरीच्या जर्सी घालून लोक या रस्त्यांवर उतरू लागले आणि रस्त्यांना मोल आलं. आज त्या मार्गावर कायमच्या तपकिरी पाट्या आहेत, आणि २००७ पासून व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यतही याच रस्त्यांवर होते. आशानोजवळच्या मोंते सांते मारिए या साडेअकरा किलोमीटरच्या तुकड्याला फाबियान कांचेलाराचं नाव दिलंय. त्याने ती शर्यत तीनदा जिंकली. रस्ता डांबरी करू नका म्हणून लोक झटले आणि यशस्वी झाले, याचं आम्हाला आजही अप्रूप वाटतं.

मुरमावर चालवण्याची रीत वेगळी. गाड्यांच्या चाकांनी दोन पट्टे दाबून घट्ट केलेले असतात, त्यातल्या उजव्या पट्ट्यात राहायचं. मधल्या उंचवट्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला सुटी खडी जमते, तिथे चाक घसरतं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच लावायचा. वळणात शिरल्यावर लावला की घसरलंच. हँडल घट्ट आवळलं तर हात बधिर होतात आणि सायकल खडीवर उड्या मारते. हात सैल सोडले तर तीच सायकल आपली वाट शोधते. चढावर उभं राहून पेडल मारू नये, कारण वजन पुढे गेलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. सीटच्या टोकाशी सरकून, छाती हँडलकडे झुकवून बसून चढायचं. उतरावंच लागलं तर त्यात कमीपणा नाही. फक्त पुन्हा चढून बसताना रस्ता रिकामा बघून तिरकं निघायचं. दोन सायकलींत पाच-सहा सायकलींचं अंतर ठेवायचं, नाहीतर पुढच्याची धूळ मागच्याच्या पोटात जाते.

टायरमधली हवा हा सर्वांत दुर्लक्षित विषय. दगडासारखी टणक हवा म्हणजे चांगली, ही आपली लहानपणापासूनची समजूत इथे सोडावी लागते. ३८ मिलिमीटरच्या टायरला, सत्तर किलोच्या माणसासाठी, पुढे ३८ आणि मागे ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) बास. नव्वद किलो असेल तर ४५ आणि ५०. याहून जास्त भरली तर टायर खडीवरून उडतो, पकड जाते, मनगटं दुखतात. कमी भरली तर उतारावर दगड बसताच ट्यूब रिम आणि दगडात चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चर काढताना एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, दुसरं त्याच्या शेजारीच असतं. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवून काटा राहिला नाही ना ते पाहा. टायरची कड चिरली असेल तर एनर्जी बारचं जाड वेष्टन चार घड्या करून आतून लावलं तरी मुक्कामापर्यंत निभावतं.

आणि पाऊस पडला तर? चुनखडीचा रस्ता तासाभरात निथळतो, पण चिकणमातीची वाट दोन दिवस चालण्याजोगी राहत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडीचं चाक कसं भरतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. टायर आणि फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दुभागी दांड्याच्या, मध्ये चिखल भरतो, चाक फिरेनासं होतं. तेव्हा जोर लावून पेडल मारणं ही महागडी चूक: चिखलात अडकलेली साखळी मागच्या गिअरला ओढते आणि हँगर मोडतो. उतरायचं, काटकीने चिखल काढायचा, उचलून डांबरापर्यंत न्यायची. पावसाच्या दिवशी आम्ही मातीच्या वाटा रद्द करतो, त्यावर घासाघीस नाही. कोरड्या दिवशी रात्री फडक्याने साखळी पुसायची, प्रत्येक कडीला कोरड्या तेलाचा (धूळ कमी धरणाऱ्या वंगणाचा) एक थेंब द्यायचा आणि वरचं पुन्हा पुसून काढायचं. तेल जास्त झालं की त्यावर चुनखडीची धूळ बसून त्याचं पॉलिश पेपर होतं.

मोंते ओलिवेतो माज्जोरे मठ याच दिवशी. बर्नार्दो तोलोमेईने तो १३१३ मध्ये स्थापला. मोठ्या ओवरीच्या भिंतींवर सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांनी संत बेनेदेत्तोचं आयुष्य रंगवलंय. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. जर्सीवरून घालायला पातळ पँट आणि उपरणं व्हॅनमध्ये वरच ठेवा. मठ दुपारी बंद असतो, म्हणून बाराच्या आत पोचायचं. तिथून बुओनकोंवेंतोपर्यंत नऊ किलोमीटर उतारच. हे गाव आर्बिया आणि ओम्ब्रोने नद्यांच्या संगमाशी, सपाटीवर आहे. आमच्या नियमाला हा एकच अपवाद. रोमकडे जाणारा यात्रामार्ग, विया फ्रांचीजेना, इथून जाई आणि व्यापार वाटेवरच होतो, म्हणून त्यांनी वर जाण्याऐवजी विटांचा तट उभारला. पवित्र रोमन सम्राट सातवा हेन्री २४ ऑगस्ट १३१३ ला इथेच वारला. संध्याकाळी चढ नसल्यामुळे पाय इथे विश्रांती घेतात, आणि ते हेतुपुरस्सर आहे. कारण उद्या मोंताल्चीनो.

बुओनकोंवेंतो साधारण १५० मीटरवर, मोंताल्चीनो ५६० च्या वर. डांबरी रस्त्याने चौदा किलोमीटर आणि सव्वाचारशे मीटर चढ. माणूस ७५ किलोचा आणि सायकल १३ किलोची धरली तर एवढं वजन एवढं वर न्यायला साडेतीनशे किलोज्यूलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा लागते. नियमित चालवणारा माणूस १२० वॉट सलग देऊ शकतो, म्हणजे निव्वळ चढाला पन्नास मिनिटं. हवा आणि रस्त्याचं घर्षण मिळवून तास-सव्वातास. पहिली दहा मिनिटं शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच जोराने चढा. जे या दहा मिनिटांत पुढे पळतात ते शेवटच्या तीन किलोमीटरात रस्त्याकडेला बसलेले सापडतात. अंगातली साखर संपण्याची खूण म्हणजे थंड घाम, चिडचिड आणि जांभया. भूक लागण्याची वाट न पाहता दर पाऊण तासाला केळ्याएवढं काही खावं. घरची राजगिऱ्याची वडी किंवा खजुराचा लाडू उत्तम.

बॅटरीच्या सायकलवाल्यांना वाटतं आपली सुटका झाली. युरोपात मोटर २५० वॉटची असते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबते. माणूस आणि सायकल मिळून १०५ किलो धरले तर हा एक चढ निव्वळ १२० वॉट-तास खातो. ५०० वॉट-तासांच्या बॅटरीत सकाळपासून सर्वांत जोरदार मदत लावून आलेल्याची बॅटरी वेशीखाली दोन किलोमीटरवर संपते, आणि मग पंचवीस किलोची सायकल स्वतः ढकलायची. सपाटीवर मदत सर्वांत कमी, आणि वेशीच्या चढासाठी चाळीस टक्के राखीव.

मोंताल्चीनोचा किल्ला १३६१ चा. १५५५ मध्ये सिएना पडलं तेव्हा तिथली काही मंडळी इथे आली आणि चार वर्षं त्यांनी गणराज्याचं नाव जिवंत ठेवलं. बुरुजावरून आपण कालपासून आलो तो सगळा मुलूख दिसतो. गावाची ओळख ब्रुनेल्लो वाइनने. चव घ्यायची ती सायकली कुलूपबंद झाल्यावर. रक्तातल्या दारूची प्रतिलिटर अर्ध्या ग्रॅमची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्या दिवशीचा उतार ज्याने पाहिलाय तो दुपारच्या पेल्याला हात लावत नाही.

त्या उतारावर, दहाएक किलोमीटरवर, सांतांतिमोचं चर्च ऑलिव्हच्या झाडांत उभं आहे. १११८ मध्ये सुरू झालेलं बांधकाम, दगड फिकट पिवळसर, सकाळच्या उन्हात आतून उजळणारा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर डिस्क तापते आणि पॅड गुळगुळीत होऊन धरेनासे होतात. दोन-तीन सेकंद जोरात, मग पूर्ण सोडायचा, असं आलटून पालटून. ओर्चा नदीपर्यंत उतरलं की समोर कास्तिल्योने दोर्चाचा तीनशे मीटरहून जास्त चढ उभा असतो, आणि त्यापलीकडे बान्यो विन्योनी. या गावाच्या चौकात फरशीऐवजी गरम पाण्याचं दगडी कुंड आहे. कुंडात उतरायला मनाई आहे. खाली जुन्या पाणचक्क्यांपाशी वाहत्या पाण्यात पाय सोडून बसता येतं. मुक्काम सान क्वीरिकोला. कॅंटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक ९९० मध्ये रोमहून परतला, त्याने नोंदवलेल्या टप्प्यांत हे गाव आहे.

जेवणाचं शाकाहाऱ्यांनी मनावर घेऊ नये, टस्कनी त्यांच्यासाठी सोपी आहे. पीची म्हणजे कणीक आणि पाणी मळून हाताने वळलेल्या जाड शेवया. लसूण-टोमॅटोच्या सॉसमध्ये मागा. रिबोल्लिता हे पाव, राजमा आणि भाज्यांचं घट्ट कालवण. पाव अळणी असतो, पहिल्या दिवशी विचित्र लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबरच्या खारट चीजचं कोडं उलगडतं. चीजमध्ये बहुधा प्राणिज विरजण असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच सांगावं. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको. स्वयंपाकघरं साडेबारा ते अडीच चालू असतात, मग थेट साडेसातला. अडीचनंतर गावात पोचलं तर जेवण मिळत नाही, हेही सकाळच्या वेळेच्या हिशेबात धरायचं. आणि दुपारी पोटभर नको. मोठं जेवण रात्री.

पिएन्झापर्यंत दहा किलोमीटर फारसे जड नाहीत. हे आधीचं कोर्सिन्यानो. इथे जन्मलेला एनेआ सिल्वियो पिक्कोलोमिनी १४५८ मध्ये पोप दुसरा पायस झाला आणि १४५९ ते १४६२ या काळात वास्तुविशारद बर्नार्दो रोस्सेल्लिनोकडून त्याने जन्मगावाचा मधला भाग नव्याने बांधून घेतला. कॅथेड्रलची मागची बाजू उताराच्या कच्च्या जमिनीत तेव्हापासून खचतेय; आत उभं राहिलं की फरशीचा कल पायांना कळतो. मोंतिकिएल्लोकडे जाताना खोऱ्यात उतरून, सुरूंच्या रांगेतून वळणं घेत पुन्हा चढायचं. त्या गावात १९६७ पासून गावकरी दर उन्हाळ्यात स्वतःच्याच आयुष्यावर नाटक रचून चौकात करतात. नाटकवेड्या मराठी माणसाने या गावात अर्धा तास जास्त ठेवावा.

शेवटच्या दिवशी वेशीचा नियम थोडा बदलतो. मोंतेपुल्चानोत पोर्ता आल प्रातो ही वेस गावाच्या तळाशी आहे आणि मुख्य चौक माथ्यावर, ६०० मीटरवर. वेस आली तरी चढ संपत नाही; मधे किलोमीटरभर फरसबंदीची चढती गल्ली आहे. दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावचे आठ मोहल्ले याच गल्लीतून ८० किलोची पिंपं ढकलत नेण्याची शर्यत लावतात. सायकली आम्ही वेशीबाहेरच परत देतो. वर जायचं ते चालत. पेडलं काढताना डावं पेडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सैल होतं. न सुटल्यास जोर वाढवण्यापूर्वी दिशा तपासा, आटे खाल्ले गेले तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, पैसे भरावे लागतात. मोंतेपुल्चानो नावाचं रेल्वे स्टेशन गावापासून बरंच लांब, खाली सपाटीवर आहे आणि तिथे गाड्या कमी थांबतात. रोम किंवा फ्लोरेन्सला जायचं असेल तर व्हॅनला कियुझीला सोडायला सांगा.